पेंद्याला आमंत्रण आहे काय?



गेल्या काही वर्षांत आपल्या संप्रदायात एक नवे निमंत्रण रूढ झाले आहे. ‘आमच्या चिरंजीवांच्या प्रथम वाढदिवसानिमित्त हरिकीर्तन.’ पत्रिकेवर वरच्या बाजूला विठ्ठल-रुक्मिणी, मध्ये बाळाचे छायाचित्र, त्याखाली कीर्तनकार महाराजांचे नाव आणि शेवटी महाप्रसादाची वेळ. तुम्हीही अशा कार्यक्रमाला गेला असाल, टाळ घेऊन उभे राहिला असाल. केक कापण्याऐवजी कीर्तन होत आहे याचा आनंदही झाला असेल. तो आनंद खोटा नाही. लेकराच्या निमित्ताने गावाच्या कानांवर हरिनाम पडले, तर त्यात वाईट काय?

तरीही या चालीची एकदा नीट परीक्षा करावी असे वाटते. बाहेरची चाल टाकली आणि घरची घेतली, एवढ्याने काम संपत नाही. टाकताना काय टाकले आणि ठेवताना काय ठेवले, हे पाहावे लागते. केक टाकला आणि मोठेपणा ठेवला, तर भांडे बदलले, आतला पदार्थ तोच राहिला.

वाढदिवसावर आपल्याकडे नेहमी होणारी टीका तुम्ही ऐकली आहे. मेणबत्ती विझवतात, आपण तर दिवा लावतो. केक कापतात, आपण तर ओवाळतो. तारीख धरतात, आपण तर तिथी धरतो. ही टीका ऐकायला बरी वाटते, टाळ्याही मिळतात. पण ती वरवरची आहे. मेणबत्तीच्या जागी तुपाचे निरांजन आले, केकच्या जागी पुरणपोळी आली, म्हणजे पाटावर बसलेल्या लेकराच्या मनात काय पेरले जाते ते बदलले असे होत नाही. पुरणपोळी वाढतानाही ‘त्यांच्यापेक्षा आमचे जास्त थाटात झाले’ हे दाखवता येते. औक्षणाच्या तबकातही पाकिटे मोजता येतात.

तारीख-तिथीचे भांडण तर फारच लहान आहे. चांद्र महिन्यांमुळे तिथी दरवर्षी तारखेपासून मागेपुढे सरकते आणि साधारण १९ वर्षांनी दोघी पुन्हा जवळपास एका ठिकाणी येतात. यात पापपुण्य नाही, गणित आहे. तुमच्या दिंडीतल्या ज्येष्ठ माउलींची आधार कार्डे एकदा पाहा. कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून सापडेल. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला जन्म कधीचा हे घरी कोणी लिहून ठेवलेले नसे, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आई सांगायची ती खूण वेगळीच असायची. पानशेत फुटले त्या वर्षीचा, म्हणजे १९६१. कोयनेचा भूकंप झाला तेव्हाचा, म्हणजे १९६७. बहात्तरच्या दुष्काळातली. या माणसांचा वाढदिवस कोणी केला नाही, तरी त्यांनी आयुष्यभर वारी चालवली. तेव्हा तिथी चुकली म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते दुसरीकडेच.

आधी एक मान्य करू. लेकरू वर्षाचे झाले, दोन वर्षांचे झाले, याचा आनंद करणे ही पोकळ हौस नाही. जुन्या धर्मग्रंथांतला वर्धापनविधी पाहा. त्यात मार्कंडेयाचे पूजन आहे, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण आहे, षष्ठीदेवीचे पूजन आहे. ज्यांचे आयुष्य लांब त्यांची नावे लेकरासाठी का घ्यायची? कारण लेकरू वर्षाचे होणे हीच मोठी गोष्ट होती. पाचवीला सटवाई पुजायची ती त्याच धास्तीपोटी. तुकोबांच्या चरित्रात दुष्काळाचा प्रसंग येतो. पहिली पत्नी रखमाई अन्नाविना गेली आणि लेक संतूही गेला. जगद्गुरूंच्या घरचे लेकरू वाचले नाही, तर गावातल्या इतरांचे काय झाले असेल?

ही गोष्ट फार जुन्या काळापुरतीही नाही. सरकारी आकडे सांगतात की १९५१ च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये तो आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. आपल्या आजीने किती पाळणे हलवले आणि त्यातले किती रिकामे झाले, हे आजी सहसा बोलत नाही. म्हणून पहिल्या वाढदिवसाला तिचे डोळे भरून येतात. ते पाणी समजून घेतले की वाढदिवसाचे मूळ कळते. त्याचे मूळ कृतज्ञतेत आहे. ‘देवा, वर्ष पार पडले’ असे म्हणण्याचा तो दिवस आहे.

आता एक शंका येते. संप्रदायात आपण संतांचे वाढदिवस कुठे करतो? तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची, ती त्यांच्या वैकुंठगमनाची. नाथषष्ठी ही नाथांच्या समाधीची. आळंदीची कार्तिकी माउलींच्या संजीवन समाधीची. जन्मापेक्षा शेवटाला मान आहे, कारण मधल्या आयुष्यात माणसाने काय केले ते शेवटी कळते. मग वर्षाच्या बाळाचा कसला सोहळा? त्याने तर अजून काहीच केलेले नाही.

शंका बरोबर आहे आणि तिचे उत्तरही तिच्यातच आहे. बाळाने काही केलेले नाही, म्हणून त्या दिवशी गौरव बाळाचा नसतो. गौरव असतो ज्यांनी त्याला वर्षभर जगवले त्यांचा. रात्र-रात्र जागलेली आई, अंगाला तेल लावणारी आजी, लशीची तारीख चुकू न देणारी आशाताई, ताप चढला तेव्हा रात्री गाडी काढणारा शेजारी. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. गोकुळाष्टमीच्या रात्री बारा वाजता जन्माचे कीर्तन होते, गुलाल-फुले उधळतात, पाळणा म्हणतात, आणि हातावर प्रसाद कसला पडतो? सुंठवडा. सुंठ हे बाळंतिणीचे खाणे. जन्म बाळकृष्णाचा, पण प्रसाद आईच्या पथ्याचा. त्याच श्रावण वद्य अष्टमीला शके ११९७ मध्ये, म्हणजे १२७५ साली, आपल्या ज्ञानोबा माउलींचाही जन्म झाला असे परंपरा मानते. तेव्हा जन्माचा उत्सव संप्रदायाला वर्ज्य आहे असे कोणी समजू नये. आपण तो करतोच. तो कसा करतो, तेवढे फक्त पाहायचे.

तर पाहू. अष्टमीच्या मध्यरात्री जन्म झाला. मग दुसऱ्या दिवशी काय? दुसऱ्या दिवशी काला. मधली वर्षे आपण थांबतच नाही. रात्री पाळण्यात असलेला बाळकृष्ण सकाळी गोपाळांबरोबर शिदोरी सोडून बसलेला असतो. आषाढीलाही पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मगच पालख्या परतीला लागतात. सप्ताहाची सांगताही काल्याच्या कीर्तनाने. आपल्याकडे कोणताही सोहळा काल्याशिवाय पुरा होत नाही. जन्माचा सोहळाही होत नाही.

काल्यात काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. कोणाच्या शिदोरीत दहीभात, कोणाच्या लोणचे, कोणाची कालची भाकरी. सगळे एकत्र केले की कोणाचे काय होते ते ओळखता येत नाही. आणि तिथे कोण बसले आहे? पेंद्या. पाय अधू, घरची गरिबी, चालताना सगळ्यांच्या मागे राहणारा. वाकड्या आहे, बोबड्या आहे. संतांनी काल्याचे वर्णन करताना ही मुले मुद्दाम पंगतीत बसवली. धडधाकट, गोरीगोमटी, श्रीमंतांची मुले बसवून काला रंगला नसता काय? पण तो काला झाला नसता, मेजवानी झाली असती.

आणखी एक गंमत पाहा. स्वर्गातल्या देवांना त्या काल्याची चव घ्यावीशी वाटली. ते मासे होऊन यमुनेत आले, की मुले हात धुतील तेव्हा एखादे शीत मिळेल. कृष्णाने मुलांना सांगितले, पाण्यात हात धुऊ नका, घोंगडीलाच पुसा. काल्याच्या कीर्तनात आपण यावर हसतो. पण हसून झाल्यावर विचार करा. देवांना आमंत्रण नव्हते, पेंद्याला होते. ज्यांच्या येण्याने यजमानाची प्रतिष्ठा वाढली असती ते बाहेर, आणि ज्याला दुसरे कोणी बोलावणार नाही तो आत. वाढदिवसाची परीक्षा करायची असेल तर माझ्याकडे हीच एक कसोटी आहे.

ही कसोटी घरगुती नाही असे म्हणू नका. आपल्याच घरात ती होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचे बोरन्हाण होते. बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात. मग? भोवतालची पोरे तुटून पडतात आणि जो तो आपापली ओंजळ भरतो. ज्याचे बोरन्हाण, त्याच्या डोक्यावरून खाली पडले की ते त्याचे राहत नाही. गल्लीतले कोणतेही पोर येऊन बोरे वेचू शकते, त्याला पत्रिका लागत नाही. मान एकाचा, लाभ सगळ्यांचा. शास्त्र न सांगता आजीने लेकराला काला शिकवला होता.

आता आजचा वाढदिवस या दोन खुणांशेजारी ठेवा. बाळ मध्ये उभे, वस्तू त्याच्याकडे येतात. खोक्यांचा ढीग लागतो आणि पाहुणे गेल्यावर कोणी काय दिले त्याची यादी होते. त्या यादीप्रमाणे पुढे परतफेड होते. येणाऱ्या मुलांनाही परत जाताना वस्तू द्यायची पद्धत पडली आहे. तिचे नाव भेट, पण हिशेब तोच: घेतले तेवढे फेडले. यात देणारा मोकळ्या मनाने देत नाही आणि घेणाऱ्याच्या मनात धन्यता राहत नाही. तीन वर्षांच्या मुलीला यातून काय कळते? माणसे येतात ती काहीतरी घेऊन येतात, आणि रिकाम्या हाताने आलेला माणूस कमी प्रतीचा. आपण शब्दाने हे कधी शिकवणार नाही. दिवसाने शिकवतो.

आणि रिकाम्या हाताने येऊ शकत नाही, म्हणून जो येतच नाही, त्याचे काय? घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे पोर त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभे असते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावाच्या कडेला ऊसतोडीच्या कोप्या पडतात, तिथली पोरे मंडपाच्या कनातीबाहेरून फुगे पाहत असतात. त्यांना कोणी हाकलत नाही हो. फक्त कोणी हाकही मारत नाही. उसाच्या फडावरची लेकरे आणि आपला वारकऱ्यांचा फड, शब्द एकच आहे. पण दोन्ही फडांची पंगत एक होत नाही.

यावर आपल्या कीर्तनांतली एक गोष्ट आठवते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. लहानग्या मुक्ताबाई मांडे भाजायला खापर आणायला कुंभाराकडे गेल्या. संन्याशाची पोरे म्हणून विसोबांनी ते खापर मिळू दिले नाही. मग ज्ञानोबांनी जठराग्नी प्रज्वलित केला आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. आपण पाठीचे वर्णन करतो, चमत्काराला माना डोलावतो आणि खापर विसरतो. अख्ख्या गावात चार पोरक्या भावंडांना गोडधोड करायला मातीचे एक खापर मिळाले नाही, हा त्या कथेचा काटा आहे. विसोबा पुढे शरण आले, नामदेवरायांचे गुरू झाले, ही संतांची कृपा. पण आपल्या गल्लीत आज कोणाच्या मुक्ताईला खापर मिळत नाही, हे पाहायला चमत्कार लागत नाही. दार उघडून रस्त्यावर पाहिले तरी पुरे.

आता कीर्तनाकडे येतो. वाढदिवसाच्या कीर्तनात यजमानाच्या स्तुतीला किती वेळ जातो, तो एकदा घड्याळ लावून पाहा. नारदाच्या गादीवरून घराण्याचे गुणगान, व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांचे सत्कार, बाळाचा फलक विठ्ठलाच्या चित्रापेक्षा मोठा, आणि ज्याच्यासाठी हे सारे ते लेकरू भोंग्याच्या आवाजाने दचकून रडत आईच्या खांद्यावर. बिदागीचा आकडा गावात चर्चेचा विषय होतो. कीर्तनकाराने जिथे कीर्तन करावे तिथले अन्न घेऊ नये, हार-बुक्का घेऊ नये, बैलाघोड्याचा दाणावैरणही घेऊ नये, इतकी कडक शिस्त तुकोबांनी घालून दिली आहे. प्रवासखर्च आणि पोटाची गरज आजच्या महाराजांनाही आहे, ती कोणी नाकारत नाही. टाळकरी-मृदंगमणीही प्रपंची माणसे आहेत. पण ज्या कीर्तनाने यजमान मोठा होतो आणि शेजारचा गरीब बाप ‘मला माझ्या पोराचे असे करता येत नाही’ म्हणून खाली मान घालून घरी जातो, ते कीर्तन कोणाच्या सेवेचे? त्या बापाने पुढच्या वर्षी कर्ज काढून कीर्तन ठेवले तर त्या कर्जाचे धनी आपणही आहोत.

केवळ दोष दाखवून लेख संपवणे बरे नाही. करायचे काय, तेही सांगतो. यात नवे काही नाही.

पहिले, त्या दिवशी लेकराच्या हाताने द्या. नामदेवरायांची कथा आपण सांगतो, की बापाने नैवेद्य घेऊन देवळात पाठवले आणि बाळ नामा देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसला. त्या कथेत लेकरू देणारे आहे, देव घेणारा आहे. दोन वर्षांच्या हातालाही पेढा देता येतो. पहिला पेढा देवाला, दुसरा आईला, तिसरा दारात उभ्या असलेल्याला. मुठीतला खाऊ सोडायला ते रडेल. रडू द्या, हळूहळू मूठ उघडायला शिकेल.

दुसरे, शाळेकडे पाहा. शालेय पोषण आहाराच्या योजनेत ‘तिथी भोजन’ नावाची सोय आहे. वाढदिवसासारख्या निमित्ताने गावातल्या कोणीही शाळेतल्या सगळ्या मुलांना जेवण किंवा एखादा जादा पदार्थ द्यावा, अशी ती कल्पना. मुख्याध्यापकांना आधी भेटा, स्वच्छतेचे नियम पाळा. मात्र एक पथ्य सांभाळा. तुमचे लेकरू वाढणाऱ्यांच्या बाजूला खुर्चीवर नको, त्याच पंगतीत त्याच ताटाला बसू द्या. फलक लावू नका, छायाचित्रासाठी गरिबाच्या पोराला घास भरवू नका. घास भरवणारा हात छायाचित्रात आला की त्याचे दान झाले, काला झाला नाही.

तिसरे, घरी बोलवाल तेव्हा सांगा, ‘काही आणू नका. आणायचेच तर आपापल्या घरचे मूठभर काहीतरी आणा.’ कोणी लाह्या आणील, कोणी दही, कोणी डाळिंब, कोणी शेंगदाणे. मोठ्या पातेल्यात एकत्र करा. मुलांच्याच हाताने कालवा, आधी हात मात्र धुवा. मग मुलांना रांगेत उभे करून हरिपाठ म्हणा, पावली खेळू द्या. पाच-सहा वर्षांची पोरे टाळ हातात आली की थकत नाहीत. याला बिदागी लागत नाही, मंडप लागत नाही, आणि मोलमजुरी करणाऱ्या बापालाही आपल्या लेकीचा असा वाढदिवस मान वर करून करता येतो.

कोणी म्हणेल, मुलांना केक हवा असतो, फुगे हवे असतात, शाळेतले सवंगडी विचारतात. असू द्या. केकच्या तुकड्याने संप्रदाय बुडत नाही. कृष्णानेही लोण्यासाठी हट्ट केला होता. केक आणला तर आणा, पण तो गल्लीतल्या प्रत्येक पोरापर्यंत पुरेल एवढा आणा. तेवढा परवडत नसेल तर गुळाची दशमी करा, ती पुरते.

कीर्तन ठेवायचे असेल तर तेही जरूर ठेवा. गावातल्याच एखाद्या माळकऱ्याला उभे करा, बाळाचे नाव एकदाच घेऊ द्या, आणि सांगता काल्याने करा.

वाचक माउली, पुढचा वाढदिवस तुमच्या नातवाचा असेल, नाहीतर भाच्याचा. याद्या तयार होतील. सोयरे, सवंगडी, कार्यालयातले, पदाधिकारी. त्या यादीवरून एकदा बोट फिरवा आणि पेंद्याचे नाव शोधा. तो तुमच्या गावात आहे. त्याचे घर तुम्हाला ठाऊक आहे. नाव सापडले नाही तर यादीच्या सगळ्यात वर लिहा आणि आमंत्रण द्यायला नातवाला घेऊन स्वतः जा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.